अंतरपाटाचं सूत

वासंतीबाईंनी दिवाणावर पसरलेल्या कापडावरून बोट फिरवलं आणि ते पहिल्याच गुठळीला अडलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि कापड उचलून खिडकीशी नेलं. उजेडात सगळंच उघड झालं. उभे धागे त्यांचे स्वतःचे होते, सरळ, एकसारखे, कुठे बोट ठेवायला जागा नाही असे. आडवे धागे मात्र मधेच फुगलेले, मधेच बारीक, पुन्हा फुगलेले. ते कुणाच्या हातचे, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"हा नुसता नमुना आहे गं," मागून क्षिप्रा म्हणाली. "खरं कापड मागावर आहे, कोपरीला. अर्धं झालंय."

धाकट्या बहिणीची मुलगी रविवारची सकाळ मोडून ठाण्याच्या कोपरीहून डोंबिवलीला येते, ती तक्रार करायलाच येणार. शाळेत सूतकताईचा तास असायचा तेव्हापासून वासंतीबाईंनी टकळी धरली होती, आणि पोस्टातली नोकरी संपल्यावर तर चरखा हेच ऑफिस झालं होतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या विणणाऱ्या बायका त्यांच्याकडून सूत नेत, कुणी मागासाठी, कुणी सुयांवरच्या विणकामासाठी. शनिवारच्या कताईच्या वर्गात त्या लडी ताणून दाखवत आणि म्हणत, "खोट काढून दाखवा." आजवर कुणाची काढायची छाती झाली नव्हती. आणि आता क्षिप्राच्याच लग्नाच्या कापडात ही फजिती. माफी मागायची त्यांना फारशी सवय नव्हती, पण त्यांनी तोंड उघडलं.

"क्षिप्रा, हे बघ, त्याचं असं झालं की..."

"मावशी, तू आजवर कातलंस ना, त्यात हे बेस्ट आहे. सॉलिड आहे."

वासंतीबाईंनी चष्मा पुसून कापड पुन्हा उजेडाला धरलं.

"उभ्या ताण्याला तुझं नेहमीचं सूत लावलं," क्षिप्रा सांगत होती. "आडव्या बाण्यालाही तेच भरणार होते. पण पिशवीच्या तळाशी हे निघालं. म्हटलं, मावशीने मुद्दाम वेगळं पाठवलंय. भरून बघितलं तर कापड एकदम जिवंत. सलिलची आई तर हातातून सोडेना. म्हणाली, हात लावला की कुणीतरी आहे असं वाटतं."

ते सूत तळाशी कसं गेलं हे वासंतीबाईंना चांगलं आठवत होतं. आपल्या लड्या चेपू नयेत म्हणून त्यांनी पिशवीत खाली आनंदरावांचं सूत अंथरलं होतं. दुसऱ्या कशाला उपयोगी पडेल असं ते सूत नव्हतंच. वातींनाही त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं. आनंदराव त्यांचे यजमान, निवृत्तीनंतर बायकोच्या शेजारी चरखा घेऊन बसायला लागलेले. त्यांचं सूत म्हणजे वासंतीबाईंच्या डोक्याला ताप.

"आणि अंतरपाट आहे हा, मावशी. लोक दुकानातून पांढरा कपडा आणतात, वर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, लग्न लागलं की तो कपाटात जातो. मला तसला नको. माझ्या मागावरचा हवा आणि तुझ्या हातच्या सुताचा. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

हीच ती वेळ होती. "अगं, ते माझं नाही, काकांचं," एवढंच म्हणायचं होतं. वासंतीबाईंनी कापडाची घडी घातली, घडीवरून हात फिरवला, घडी पुन्हा उलगडली.

"अजून किती लागेल?"

"थोडंच. चार-पाच लड्या. पण हेच हं. असंच."

"मिळेल," वासंतीबाई म्हणाल्या.

आता याला कुणी खोटं म्हणणार नाही. पण चहा गाळताना त्यांचा हात नेहमीपेक्षा जोरात चालत होता, आणि क्षिप्राने न मागता त्यांनी तिच्या पुढ्यात दोन बेसनाचे लाडू ठेवले.

क्षिप्रा निघाली तेव्हा आनंदराव दारातच भेटले. कल्याणच्या घाऊक बाजारातून कांदे-लसूण घेऊन आले होते. "काय नवरीबाई?" एवढं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पिशवी ओट्याखाली सारली, पाय धुतले, आणि खिडकीजवळच्या आपल्या चरख्याशी जाऊन बसले.

"कांदे चांगले मिळाले," ते म्हणाले. मग चाक फिरायला लागलं.

*

वाईट सूत काढणं ही काय मोठी गोष्ट, असं वासंतीबाईंना वाटलं होतं. चांगलं काढायला जन्म घालवला, वाईट एका दुपारी निघेल. आनंदराव वाचनालयात गेल्याचं बघून त्यांनी कापसाचा पेळू हातात घेतला आणि मनाशी म्हणाल्या, चल, होऊ दे धिंगाणा.

हात ऐकेना. पेळूतून कापूस सुटायला लागला की बोटांना आपोआप कळायचं, किती सोडायचा आणि कुठे धरायचा. त्या मुद्दाम दुसरीकडे बघत, तरी धागा एकसारखा. डोळे मिटून पाहिलं, तरी एकसारखा. शेवटी त्यांनी ठरवून चाक थांबवायला सुरुवात केली. थोडं कातायचं, थांबायचं, कापूस तसाच ओढायचा, पुन्हा कातायचं. गुठळ्या पडल्या खऱ्या. पण लडी उलगडून बघितली तर काय, देवाला घालायचं कापसाचं वस्त्र. ठरावीक अंतरावर फुगा, ठरावीक अंतरावर फुगा. वर कुंकवाचं बोट टेकवायचं तेवढं बाकी होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तरी त्यांनी ते सूत ठाण्याला जाणाऱ्या शेजारणीबरोबर पाठवून दिलं. दुसऱ्याच दिवशी क्षिप्राचा व्हिडिओ कॉल आला. मागावरचं कापड तिने फोनपुढे धरलं होतं.

"मावशी, याच्या ओळी पडतायत बघ. तिरक्या. अगं, मोजून टाकल्यासारख्या दिसतात. खालचं बघ आणि हे बघ."

वासंतीबाईंनी बघितलं. खालच्या कापडावर आनंदरावांच्या गुठळ्या हव्या तशा विखुरल्या होत्या, अंगणात पडलेल्या प्राजक्तासारख्या. आणि वर त्यांची स्वतःची शाळेची कवायत.

"हे मी उसवते," क्षिप्रा म्हणाली. "ते कातलंस तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? तसं काहीतरी कर ना. आणि नाहीच जमलं तर राहू दे, मावशी. तुझं नेहमीचं लावलं तर मधेच पट्टा दिसेल. मी मिलचं गुठळीवालं सूत मिळतं ते आणते आणि पूर्ण करते. तुळशीची लग्नं झाली, आता दिवसच कुठे आहेत?"

"मिलचं?" वासंतीबाई म्हणाल्या.

"मग काय करू सांग?"

मिलचं सूत, आणि तेसुद्धा त्यांनी 'मिळेल' असा शब्द दिलेला असताना. त्या रागाने लाल झाल्या, पण रागवायचं कुणावर हे कळेना. फोन ठेवून त्यांनी पदर खोचला. जिथे ते सूत जन्माला आलं तिथेच जायला हवं होतं, आणि ते ठिकाण खिडकीजवळ दहा पावलांवर बसलं होतं.

*

आनंदराव वीज खात्यात इंजिनियर होते. खडवली, टिटवाळा, कसाऱ्यापर्यंतच्या गावांतले खांब आणि तारा हेच त्यांचं आयुष्य. त्या नोकरीतून त्यांनी काय आणलं म्हणाल तर गोष्टी. कुठल्या गावात ट्रान्सफॉर्मरला अजगराने विळखा घातला होता, कुठल्या सरपंचाने खांबाला नवस केला होता, सगळं तोंडपाठ. आणि बोलताना त्यांचा उजवा हात बोलायचा. खांब म्हटलं की हात वर, तार म्हटलं की हात आडवा. चरख्याचं चाक उजव्या हाताने फिरवायचं असतं आणि डाव्या हाताने कापूस ओढायचा असतो. गोष्ट रंगात आली की उजवा हात चाक सोडून हवेत जायचा, डावा मात्र ओढतच राहायचा. तेवढ्या कापसाला पीळ मिळायचा नाही. तो जाडच्या जाड राहायचा, आणि तीच गुठळी.

वासंतीबाईंनी हे कधीच ओळखलं होतं. गणपतीच्या आधी एका शनिवारी, वर्गातल्या सगळ्या बायकांसमोर, त्या म्हणाल्या होत्या, "अहो, एक तर सूत काढा, नाहीतर तोंड चालवा. दोन्ही एका वेळी व्हायचं नाही." बायका हसल्या. आनंदरावही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जी मिठाची गुळणी धरली ती धरली.

आता त्यांच्यासमोर स्टूल ओढून वासंतीबाई बसल्या.

"एक काम होतं. थोडं सूत काढून द्याल का? तुमच्या हातचं हवंय."

आनंदरावांनी चाक थांबवलं. त्यांचा चेहरा असा उजळला की वासंतीबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. ते वाकले, दिवाणाखालून बिस्किटांचा एक जुना डबा काढला, आणि त्यातून लड्या काढून बायकोच्या मांडीवर ठेवल्या.

"तुला दाखवणारच होतो. म्हटलं, अजून थोडं बरं होऊ दे. घे, ताणून बघ."

वासंतीबाईंनी लडी ताणली. उजेडाकडे नेली. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही.

"तू म्हणालीस तसंच केलं," आनंदराव म्हणाले. "बोलायचं नाही, हलायचं नाही. आता तुझं कुठलं आणि माझं कुठलं, सांग बघू."

त्यांना सांगता आलं नसतं. शनिवारच्या वर्गातल्या एकीलाही इतकं सूत जमलेलं नव्हतं. "छान आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडू यायला लागलं. खरं तर कुणाचंच काही वाईट झालं नव्हतं. तरी त्यांना रडू येत होतं.

आनंदराव समाधानाने पुन्हा कातायला लागले. वासंतीबाई लड्या मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी घर ऐकलं. पंखा ऐकू येत होता. चाक ऐकू येत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला होता, तो ऐकू येत होता. दुसरं काही नाही. हा माणूस रविवारी कल्याणच्या बाजारात जाऊन आला, तिथे कितीतरी ओळखीचे लोक भेटले असतील, आणि घरी येऊन काय म्हणाला, तर कांदे चांगले मिळाले. पूर्वी एकेका कांद्याचं गोत्र सांगितलं असतं. आणि आपण बहिणीला फोनवर सांगत होतो, हे हल्ली किती शांत झालेत बघ, सगळा चरख्याचा गुण. कौतुकाने सांगत होतो.

वासंतीबाईंना स्वतःचीच भीती वाटली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्या आपला चरखा उचलून आनंदरावांच्या समोर घेऊन आल्या.

"बोला की काहीतरी."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

आनंदरावांनी विचार केला. चाक फिरत होतं.

"गॅस बुक केलास का?"

"केला."

"बरं झालं."

पुन्हा चाक. वासंतीबाईंनी क्रिकेटचा विषय काढला. आनंदरावांनी "हो ना" म्हटलं. सोसायटीच्या लिफ्टचा काढला. त्यावर "बघू या काय करतात" मिळालं. पाण्यावर तेल ओतावं तसं सगळं वरच्या वर राहत होतं. इतकी वर्षं ज्याला गप्प करायला धडपड केली, त्याला बोलतं करायला आपल्याकडे शब्द नाहीत, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. आणि आनंदरावांच्या डाव्या हातातून निघणारा धागा बघा, कसा सरळ, कसा गुणी. त्याचा त्यांना राग आला.

त्या खरोखर विचार करायला लागल्या. या माणसाबद्दल आपल्याला काय माहीत नाही?

"अहो," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ती खडवलीची गोष्ट. लग्नात दिवे गेले होते आणि म्हैस होती ती. त्या नवरीचं नाव काय होतं हो?"

आनंदरावांनी मान वर केली.

"तुला कशाला हवंय?"

"असंच. इतक्यांदा ऐकली, नाव कधी कळलं नाही."

"ऐकलीस कुठे तू? म्हशीपर्यंत आलो की तू म्हणतेस, माहितीये."

त्यांनी हे मीटरचं रीडिंग सांगावं तसं सांगितलं, कुठे तक्रारीचा सूर नव्हता. वासंतीबाईंना ते झोंबलं ते त्यामुळेच.

"मग आज सांगा," त्या म्हणाल्या.

"शेवंती," आनंदराव म्हणाले. चाक जरा मंदावलं. "शेवंती नाव होतं तिचं. आणि म्हशीचं नाव सोनी. खडवली स्टेशनपासून आत, नदीच्या अंगाला वाडी होती. मला लग्नाचं आमंत्रण होतं म्हणून गेलो होतो, ड्यूटीवर नाही. मुहूर्ताला सगळे उभे राहिले, अंतरपाट धरला, आणि फाट. गुडुप अंधार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे बघत असणार, दिसत कुणालाच नव्हतं."

वासंतीबाई हसल्या. खरंच हसू आलं म्हणून हसल्या.

"मग?"

"मग गेलो खांबापाशी. फ्यूज उडालेला. नवीन टाकला, तो पण उडाला. आता फ्यूज का उडावा? बॅटरी मारून बघतो तर खांबाला जो ताण दिलेला असतो ना तारेचा, जमिनीपर्यंत असा तिरका," इथे उजवा हात चाक सोडून वर गेला आणि तिरका खाली आला, "त्याला ही सोनी अंग घासतेय. निवांत. तिने अंग घासलं की खांब हलतो, खांब हलला की वरच्या तारा एकमेकींना चिकटतात. ती तिथून हलल्याशिवाय दिवे काही येत नाहीत. लोकांनी ढकललं, काठ्या मारल्या, गवत दाखवलं. ढिम्म. तेव्हा एक म्हातारा म्हणाला, ती फक्त शेवंतीचं ऐकते. आणि शेवंती तर तिकडे अंतरपाटामागे उभी..."

आनंदराव थांबले. त्यांची नजर डाव्या हाताकडे गेली होती. तिथे करंगळीएवढी जाड, मऊ गुठळी लोंबत होती.

"गेलं बघ," ते म्हणाले. "बोललो की हे असं होतं." आणि तेवढा भाग तोडून टाकायला त्यांनी चिमूट पुढे केली.

वासंतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"तोडू नका."

"अगं, पण..."

"तेच हवंय." आणि मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. पिशवीच्या तळाशी काय अंथरलं होतं, ते का अंथरलं होतं, क्षिप्राने त्याचं काय केलं, त्या स्वतः दुपारभर बसून काय काय करून बघत होत्या. सांगताना त्यांनी कुठे पदर आडवा घेतला नाही. "बाणा सगळा तुमच्या सुताचा आहे. निम्मा अंतरपाट झालाय. उरलेल्याला सूत नाही, कारण मी तुम्हाला शहाणं करून ठेवलं."

आनंदरावांनी पेळू खाली ठेवला.

"म्हणजे पोरीच्या अंतरपाटात माझं सूत?"

"हो."

"आणि तू तिला म्हणालीस, तुझं आहे?"

"म्हणाले नाही. गप्प बसले."

"तू?" आनंदराव म्हणाले. "गप्प?"

आणि ते हसायला लागले. मांडीवर हात मारून, खोकला येईपर्यंत हसले. वासंतीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"पण आता मुद्दाम जमायचं नाही मला. मुद्दाम केलं की तुझ्यासारखंच होणार."

"मुद्दाम करायचंच नाही. तुम्ही सुताकडे बघू नका. माझ्याकडे बघून बोला. सुताचं मी बघते."

आनंदरावांनी पुन्हा चाकाला हात लावला तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टच्या कामासाठी सह्या घ्यायला आले होते. ते गेले तोवर आनंदरावांना अजगर आठवला होता, आणि खडवलीची म्हैस तशीच खांबापाशी राहिली.

त्या दुपारी वासंतीबाईंनी कोपरीला फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "क्षिप्रा, ते सूत माझं नव्हतं. काकांचं होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं." वासंतीबाईंना वाटलं, आता आपण हिच्या मनातून उतरणार.

"थांब," क्षिप्रा म्हणाली. "म्हणजे ताणा तुझा आणि बाणा काकांचा?"

"हो."

"आणि मला कुणी सांगत नाहीये. काय माणसं आहात तुम्ही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मावशी, अंतरपाट तुम्ही दोघांनीच धरायचा हं लग्नात. गुरुजींना मी सांगते."

पुढचे दिवस सकाळचा चहा झाला की दोन चरखे समोरासमोर लागत. अजगर झाला, नवसाचा खांब झाला, टिटवाळ्याच्या वायरमनचं वाकडं नाक झालं. काही गोष्टी वासंतीबाईंनी अनेकदा ऐकलेल्या होत्या, पण अर्ध्याच. बाकीची अर्धी नवीन होती. त्या मधेच विचारत, "पण त्याला घरी कुणी काही बोललं नाही का?" आणि आनंदरावांचा हात वर जाई. अधूनमधून वासंतीबाई स्वतःचा धागा बघत. त्यातही एखादी गुठळी पडलेली असे. ती त्या तोडत नसत, पण कुणाला दाखवतही नसत.

लड्या कोपरीला गेल्या. क्षिप्राचा निरोप आला, त्यात शब्द नव्हते, नुसता फोटो होता. मागावरचं कापड पूर्ण भरलं होतं आणि जुनं कुठे संपलं, नवीन कुठे सुरू झालं, ते खुद्द वासंतीबाईंनाही शोधून सापडलं नाही.

*

लग्न कोपरीतल्याच एका कार्यालयात होतं. पाटावर सलिल उभा, समोर क्षिप्रा, तिच्या मागे मामा. मधे अंतरपाट. एक टोक वासंतीबाईंच्या हातात, दुसरं आनंदरावांच्या. दोघांनी हात छातीच्या वर धरले होते, कारण सलिल चांगलाच उंच होता.

मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींची झाली, त्यांच्या मुलाची झाली, आणि मग माईक सलिलच्या आत्याबाईंकडे गेला. आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती. त्यात दोन्ही घराण्यांच्या सगळ्या माणसांची नावं होती, आणि त्यांचा कुणालाही गाळायचा विचार दिसत नव्हता. मांडवात अक्षतांचे हात अवघडले. वासंतीबाईंचे खांदे भरून आले.

त्यांनी पलीकडे पाहिलं. आनंदरावांनी त्यांच्याकडे बघून ओठ उघडले, आणि लगेच मिटले. गणपतीपासून लागलेली ती सवय अजून कुठे कुठे शिल्लक होती. वासंतीबाईंना ते दिसलं.

"काय म्हणत होतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. म्हटलं, खडवलीच्या त्या माणसांचे हातही असेच दुखले असतील."

आत्याबाई आता मामेभावंडांपर्यंत आल्या होत्या.

"शेवंतीला बोलावलं का मग?" वासंतीबाई म्हणाल्या.

"बोलावायला कोण धजणार? नवरीला अंतरपाटामागून बोलवायचं म्हणजे काय. ती आपणहून आली." आनंदरावांचा आवाज मंगलाष्टकांच्या खालून येत होता. "वाकली, अंतरपाटाखालून निघाली, मुंडावळ्या बांधलेल्या, शालू वर खोचलेला. तारेपाशी येऊन म्हणाली, सोने, चल. निघाली ना ती. मी फ्यूज टाकला, आणि लख्ख..."

लख्ख म्हणताना उजवा हात वर गेला.

अंतरपाटाचं ते टोक सुटलं आणि कापड एका बाजूने खाली घसरलं. सलिल आणि क्षिप्रा एकमेकांसमोर उघडे पडले, वेळेच्या आधी, हातात हार घेऊन. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि क्षिप्राला हसू आवरेना. मागच्या रांगेतल्या कुणीतरी घाईने अक्षता टाकल्या. आत्याबाई एका काकांच्या नावावर थांबल्या.

"काका," गुरुजी म्हणाले, "अजून अवकाश आहे."

मांडवभर हशा झाला. आनंदरावांनी गडबडीने टोक पकडलं, वर धरलं, मान खाली घातली आणि ओठ घट्ट मिटले. मग सगळ्या नातेवाइकांनी वासंतीबाईंकडे बघितलं, कारण वासंतीबाईंची जीभ त्यांना माहीत होती.

वासंतीबाईंनी आपलं टोक जरा वर केलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या. त्यांच्या अंगठ्याशी एक गुठळी आली होती, जाड, मऊ. आत्याबाईंनी पुढचं नाव घेतलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "म्हैस कुठे गेली?"